फाडणारी उद्या येते

४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टर्रर्र... टक्! आज पहाटे डोळे उघडायच्या आधी कानात हाच आवाज होता. बाबा कात्रीने कापडाच्या काठाला चिमूटभर छेद देत, दोन्ही मुठींत काठ धरत आणि एका झटक्यात फाडत. रेघ कशी, तर पट्टीने आखल्यासारखी. सुती कापडावर कात्री चालवायची नाही, त्याला त्याच्या धाग्यावरून जाऊ द्यायचं, असं ते म्हणत. शाळेत गुरुजी चालीवर कविता म्हणायला लावत, तेव्हा ओळीच्या मध्ये एक यती यायचा ना, क्षणभर श्वास घ्यायचा, तसा दिवसभराच्या गलक्यात तो आवाज यायचा. मी डोळे मिटून पडून राहिलो. म्हटलं, आहे तोवर ऐकून घ्यावा.

मग खरोखरच कानावर आला म्हणून उठलो, तर शेजारच्या दारात मुलगा कुरिअरचं खोकं फाडत होता. आतून शर्ट निघाला. त्याने तो अंगाला लावून पाहिला, नाक मुरडलं आणि परत पाठवायला पुन्हा खोक्यात कोंबला. कापडाला हात लावून पाहायची तसदी नाही. सकाळी सकाळी तोंड कडू झालं.

त्यात तुझ्या चिरंजीवांचं निमंत्रण. आपल्या कापडदुकानाचं शटर खाली आलं त्याला किती वर्षं झाली! त्या जागेत मधे एटीएम आलं, मग मोबाइलवाला आला, मग नुसतंच कुलूप. आता भाचेबुवांनी ती जागा भाड्याने घेऊन कॉफीचं हॉटेल काढलंय, आणि म्हणे ते दिसायला हुबेहूब आपल्या जुन्या दुकानासारखं आहे. एक मार्चला उद्घाटन. मी पांढरे कपडे घालून काउंटरमागे बसावं, अधूनमधून कापड फाडून दाखवावं, लोक फोटो काढतील. म्हणजे मी भुसा भरलेला वाघ! तूही फोनवर त्याचीच री ओढलीस म्हणून लिहितोय. मी येणार नाही. हे त्याला सांग, आणि तूही ऐक.

गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो काही मीटरवर मोजायचा नाही.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बरं केलंस पत्र लिहिलंस. फोनवर तुझ्या मनाविरुद्ध बोललं की तुला नेमकं ऐकू येईनासं होतं. वाघाचं वाचून हसले. अरे, भुसा भरायला आधी वाघ असावा लागतो. तू तर दुकानात उंदीर निघाला की स्टुलावर चढायचास.

गुडघे जसे होते तसेच कुरकुरतायत. यांना सकाळी फिरायला पाठवते, ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत येतात आणि घाम पुसल्याचं नाटक करतात. बाकी ठीक.

आता कामाचं. तू न बघताच नाक मुरडलंस. त्या शेजारच्या पोरात आणि तुझ्यात फरक काय राहिला? त्याने निदान शर्ट अंगाला लावून तरी पाहिला. तुझ्या घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर आहे. एकदा जाऊन ये. आत बस. मग नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. भाच्याला आधी सांगू नकोस, नाहीतर तो तुझ्यासाठी सगळं नटवून ठेवेल. सध्या ओळखीच्या माणसांना बोलावून कॉफी पाजून बघतायत म्हणे, तेव्हा दार उघडंच असतं.

आणि दादा, हे नुसतं त्याच्यासाठी सांगत नाहीये. का सांगतेय ते पुढे कधीतरी लिहीन.

तुझा राग जेवढा, तेवढीच माया असू दे.

तुझी,
चिमी

१५ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेलो होतो. आल्यावर साबणाने हात धुतले, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू पाठवलंस, आता ऐक.

काउंटर आपलंच आहे, शिसवी, तेच. त्याला इतकं पॉलिश चोपडलंय की त्यात मला माझ्या नाकपुड्या दिसल्या. मागच्या फळ्यांवर ताग्यांच्या रांगा. क्षणभर, खरं सांगतो, छाती भरून आली. जवळ जाऊन एक तागा काढायला गेलो तर हलेना. चिकटवलाय! पुठ्ठ्याची नळी, त्यावर कापडाचा एकच वेढा, आणि खाली डिंक. सगळे तागे पोकळ. मी वाजवून पाहिले, ढब ढब. त्यावरचं कापडसुद्धा सुती नाही, हाताला चटचट चिकटणारं काहीतरी घाणेरडं. काळा एप्रन घातलेली एक मुलगी धावत आली आणि गोड आवाजात म्हणाली, आजोबा, हात लावू नका, हे फक्त बघायचं आहे.

कापडाच्या दुकानात हात लावू नका! बाबांच्या दुकानात!

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, इथे आठवणी मीटरवर मिळतात. कॉफीला कापडांची नावं दिली आहेत, पॉपलीन आणि वॉयल. एका केकचं नाव मांजरपाट. काउंटरला जडवलेली आपली मापाची पितळी पट्टी शोधली, ती दिसेना. संडासात गेलो तर तिथे हात पुसायचे रुमाल तिच्यावर टांगलेले. आणि कळस म्हणजे दाराशी एक फोटो, खाली ‘संस्थापक’. भरघोस मिशा, फेटा. कोण हा गृहस्थ? आपले बाबा जन्मभर गुळगुळीत दाढी करणारे, काडीसारखे! मुलीला विचारलं, तर म्हणाली, जुन्या बाजारातून आणलाय, छान दिसतो ना?

पण या सगळ्यापेक्षा मला शिसारी आली ती बसलेल्या माणसांची. आठवतात ना ते बँकवाले साहेब? शर्टिंगचे सगळे तागे उलगडायला लावायचे, अंगठ्याने चोळायचे, विचार करून सांगतो म्हणायचे आणि मॉलमधून रेडीमेड घेऊन त्याच रस्त्याने जायचे. ते तिथे बसून डोळे पुसत होते. काय दुकान होतं, काय माणसं होती, असं दुकान आता होणे नाही, असं शेजारच्या टेबलाला ऐकवत होते. दुकान आजारी होतं तेव्हा एकानेही पाणी विचारलं नाही, आणि आता तेराव्या दिवसासारखी पंगत! मला पाहून त्यांनी मिठी मारली. अंगाला कॉफीचा वास.

घरी येऊन दोन ओळी सुचल्या:

उभा धागा, आडवा धागा, फाटे रेघ सरळ,
आठवणींच्या ताटामध्ये वाढले कोणी गरळ?

तेव्हा नाही म्हणजे नाही. आता तू दिलेला शब्द पाळ.

आशीर्वाद नेहमीचेच, राग तेवढा नवा.

दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सरळला गरळ जुळवलंस. गुरुजी असते तर अंगठे धरून उभा केला असता.

मिशीवाल्याचं मला माहीत नव्हतं. पत्र वाचलं आणि लगेच चिरंजीवांना फोन लावून असं झाडलं की यांनी बाकावरून घरी येऊन विचारलं, कोण वारलं. फोटो काल उतरवला. मग बाबांचा लावू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, त्यांचाही नको. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

दादा, तुझं दुकान खाली होतं. माझं वर, पोटमाळ्यावर. तुम्ही दिवसभर उलगडलेलं कापड गठ्ठे करून वर फेकायचात आणि मी घड्या घालायचे. तिथे ताठ उभं राहता येत नव्हतं. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोकं धरायचं, धुळीने नाक काळं व्हायचं. तुला जे दुकान आठवून गहिवर येतो, ते आठवलं की मला अजून मळमळतं. पत्र्याला टेकलेलं डोकं, मानेवर घाम, आणि खालून तो आवाज. टर्रर्र टक्. तुला तो यतीसारखा वाटायचा. मला वाटायचं, कोणीतरी माझ्या तोंडासमोरचा घास काढून घेतंय.

एकदा बाबांना विचारलं होतं, मी एक फाडू का म्हणून. ते म्हणाले, गिऱ्हाईक काय म्हणेल, मुलगी काउंटरवर? तू शेजारी उभा राहून हसलास. तुला आठवणार नाही. लग्नानंतर एकदा घरात कोणी नाही असं बघून मी जुनी चादर फाडली, तो आवाज काढायला. ती वाकडीतिकडी फाटली, आणि सासूबाई मागच्या दारातून धावत येऊन म्हणाल्या, वेडबीड लागलं का?

आता ऐक. हे दुकान काढायची कल्पना माझी. मीच पोराला सांगितलं की ती जागा घे आणि तेच काउंटर ठेव. कॉफी आणि केक त्याच्या डोक्यातलं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की उद्घाटनाला फीत कापायची नाही. मी काउंटरमागे उभी राहीन आणि सगळ्यांसमोर कापड फाडीन. एकदाच, सरळ. आणि ते कसं फाडायचं हे सांगायला जगात आता तू एकटा उरलास. तुला काउंटरवर बसवायचं हे पोराने ठरवलं, मी त्याला खरं सांगायला लाजले.

तुला तिथे किळस येते, खरं आहे. मलाही येते, माझी तर बरीच जुनी आहे. तरी मी येणार आहे. अठ्ठावीसला संध्याकाळच्या गाडीने निघेन, एक तारखेला सकाळी पोचेन. तू आला नाहीस तर मी समजेन की ते दुकान तुमचंच होतं, आणि मला जे माहेर वाटत होतं ते कधी नव्हतंच. मग तुझ्या घरी पाऊल टाकायला मला जमणार नाही.

उत्तर नको. ये किंवा येऊ नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.

चिमी

२८ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने जायचं नाही. तू आलीस की हातात देईन, कारण तोंडाने मला हे सांगता येणार नाही. दुकानातच बसून लिहितोय. काउंटरवरच.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज इथे येतोय. भाचेबुवांशी रीतसर भांडण झालं. मधली एक फळी मला दे आणि तिथले पुठ्ठे उखड, असं सांगितलं. तो म्हणाला, मामा, डिझाइन बिघडेल. मी म्हटलं, तुझ्या आईचं काय बिघडलंय ते तुला माहीत आहे का? आणि तुझं पत्र वाचायला दिलं. माफ कर, न विचारता दिलं. वाचून त्याने पत्र घडी करून परत दिलं. मग स्वतःच सुरी घेऊन आला आणि डिंक खरवडायला लागला.

मग खरं सुती कापड शोधायला निघालो. एका घाऊक व्यापाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, आजोबा, पोछ्यासाठी हवंय का? शेवटी गावाबाहेरच्या एका गोदामात मांजरपाट आणि पांढरं पॉपलीन मिळालं. ते मांडलंय. मांजरपाट तुझ्या सरावासाठी. बाकी सगळं अजून तसंच ओंगळ आहे हो. यंत्र घसा खाकरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं सारखं खाकरतंय, आणि भिंतीवर आठवणी अजून मीटरवरच मिळतायत. माझी किळस गेलेली नाही. ती घेऊनच बसलोय.

फाडायचं कसं, ते सांगतो. छेद नखाएवढाच द्यायचा. काठ मुठीत, अंगठे वर, मुठी एकमेकींना चिकटलेल्या. आणि मग हळूहळू ओढायचं नाही. हळू ओढलं की कापड बिचकतं आणि वाकडं जातं. तुझी चादर त्यामुळे बिघडली. मनाशी ठरवायचं आणि एकदम.

मी उद्या काउंटरवर नसेन. पोटमाळ्यावर बसेन. तिथे त्यांनी केकची खोकी ठेवली होती, ती सरकवून जागा केली आणि आज बसूनही पाहिलं. खरंच, ताठ होता येत नाही. पत्रा डोक्याला लागतो. दुपारभर बसलो, वर काही काम नव्हतं तरी. मान अजून दुखतेय. मला काही सुचलं नाही. ओळसुद्धा नाही.

थांब, दारात कोणीतरी आलंय.

एक बाई आहे. हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. आजच्या निमंत्रितांतली दिसत नाही. भिंतीकडे बघितलं नाही, फोटोही काढला नाही. सरळ त्या मधल्या फळीकडे बोट करून विचारतेय की अस्तरासाठी सुती कापड मिळेल का, दीड मीटर. शिंप्याने सांगितलंय, अख्ख्या गावात कुठे मिळत नाही. एप्रनवाली मुलगी तिला समजावतेय की हे दुकान नाहीये, हॉटेल आहे. बाई ऐकायला तयार नाही. आत आली, पॉपलीनवरून हात फिरवला, आणि म्हणाली, मग हे काय आहे?

चिमी, माझा हात कात्रीकडे गेला होता. मागे घेतला. बाबा असते तर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवल्याबद्दल माझा कान पिरगाळला असता. मी तिला सांगितलं की कापड आहे, हवं तेवढं आहे, पण आज देता येत नाही. फाडणारी उद्या येते.

ती अजून दारातच उभी आहे. विचारतेय, बाई किती वाजता येतात?