आखाजीचा मुराळी

नाशिक,
२२ मार्च २०२६

चि. सौ. गोजरास सखुबाईचे अ. उ. आ.

तुला एक नणंद आहे आणि ती अजून जिवंत आहे, याची गोटीरामला विचारून खात्री करून घे. भावाला तरी मी आठवत असेन. मी सांगते, नात हर्षाली लिहिते. अक्षर आवडलं तर तिचं, बोलणं टोचलं तर माझं. फोनवर मनातलं बोलायची सोय नाही. शेखर फोन स्पीकरवर ठेवून शेजारीच बसतो.

सिन्नरचं घर बंद करून लेकाकडे आले, त्याला वर्ष होईल. सातवा मजला. दिवाळीनंतर एकदा कोथिंबीर आणायला एकटीच खाली उतरले. परत फिरले तर सगळ्या इमारती सारख्या, आणि नावं मला कुठं वाचता येतात? दुसऱ्याच्याच दाराशी सुनेच्या, मनीषाच्या नावाने हाका मारत बसले. तेव्हापासून दोघं कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतात. सून-लेक जीव लावतात गं, कुलूपही त्यातलंच. दुपारभर मी गॅलरीच्या जाळीतून लोकांची डोकी बघते. टक्कल कुणाला पडतंय, ते मला त्यांच्या बायकांआधी कळतं.

नाशिक पाहिलं ते तुम्ही श्रावणात फिरायला आलात तेव्हाच. रामकुंड, सीतागुंफा, सोमेश्वर. पाहुण्यांसाठी शेखरने गाडी काढली म्हणून मीही बसले. तुम्ही गेलात, गाडीवर कापड पडलं. आता पुन्हा कधी येता? देवाला नाही आलात तरी चालेल, मला फिरवायला या.

लोभ आटू देऊ नको.

सखुबाई

निफाड,
३० मार्च २०२६

ती. आक्कांना गोजराचा शि. सा. न.

तुमच्या टोमण्यांशिवाय घर सुनं वाटतं आणि म्हणे विसरले! मी तर समजत होते, आक्कांची मजा आहे, रोज गोदाकाठी फिरत असतील. आम्ही एका दिवसात नाशिक बघून आलो आणि तुम्ही तिथं राहून पाहिलं नाही. कुलपाचं ऐकून हे जेवता जेवता ताटावरून उठले.

पण आत्ता येणं जमत नाही, द्राक्षांची तोडणी चालू आहे. तुम्हालाच घेऊन यावं म्हटलं, तर हे म्हणतात, भाच्याच्या घरातून त्याची आई उचलून आणली तर चार लोकांत शेखरची मान खाली जाईल. आखाजीनंतर बघू म्हणतात. अक्षय्य तृतीयेला आमची लेक पूजा सासरहून येणार आहे. भारत भाऊ ना तिचा, तोच मुराळी म्हणून आणायला जाईल. लिंबाला झोका बांधलाय. तो पाहिला की तुमचीच आठवण निघते.

माया आहे, ती वाढती असू द्यावी.

गोजरा

नाशिक,
५ एप्रिल २०२६

चि. सौ. गोजरास अ. उ. आ.

नवरा-बायकोची अक्कल झोक्यावर ठेवून आलात का? तूच लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही. आखाजीला माहेरवाशिणीला न्यायला मुराळी आला, तर कुठलं सासर त्याला माघारी धाडतं? मालक गेले, सासू-सासरे कधीच गेले. आता माझं सासर म्हणजे हा सातवा मजलाच. गोटीरामने मुराळी म्हणून यावं. टोपी घालून, रीतसर. म्हणजे शेखरची मान खाली जाणार नाही, मामाचा मान राखला असंच लोक म्हणतील.

काल जेवताना सांगूनच टाकलं, मामा मला न्यायला येतोय. मनीषाने शेखरकडे पाहिलं. तो नुसता भात कालवत राहिला. लहानपणी हाच माझ्या कडेवर बसून आखाजीला निफाडला यायचा, अन् परत निघताना लिंबाला मिठी मारून रडायचा. मग त्याने विचारलं, परत कधी येशील. म्हटलं, येईन की, पण पाहुणी म्हणून. तेव्हा गाडी काढ आणि मला नाशिक दाखव. सकाळी तो मामाला कुठला चहा आवडतो ते विचारून गेला.

हर्षाली लिहिता लिहिता नाक ओढते आहे, तिकडे लक्ष देऊ नको.

आहे ती माया भेटल्यावर मोजून घेईन.

सखुबाई

ता. क. मुराळ्याला रिकाम्या हाताने धाडू नको. मनीषासाठी सांजोऱ्या दे, तिला आवडतात. आणि बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी वेगळी बांध. येताना गोटीरामने त्या गाठोड्याला हात लावायचा नाही. ती शिदोरी दोघांची आहे, परतताना एसटीत सोडायची.