टोळाने वर चढावं की नाही

तीर्थस्वरूप आक्कांना, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की डॉक्टरांनी जिना चढू नका असं सांगितलं म्हणून तुम्ही डॉक्टरच बदलले. नवे डॉक्टर तळमजल्यावर बसतात हे फार बरं झालं. मी बरा आहे. कोणी विचारलं की मी हेच सांगतो आणि बहुतेकांचं त्यावर समाधान होतं. तुमचं होत नाही हे ठाऊक असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. (नाकाला पट्टी लावली आहे. त्याचं कारण ओघाने येईलच. काळजी नसावी, नाक जागेवर आहे.)

तुमची धाकटी गेल्यापासून घरातली कामं आपोआप वाटली गेली. सूनबाईंनी दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळून स्वयंपाक घेतला, चिरंजीवांनी काळजी घेतली आणि माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मी नुसता सांभाळला जातो. चिरंजीवांनी न्हाणीघरात रबराची चटई अंथरली, मला स्टुलावर चढायची बंदी केली आणि माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. दुपारी मी पडलो की दार हळूच उघडून माझा श्वास चालू आहे ना हे बघून जातात. (मी मुद्दाम घोरतो, म्हणजे त्यांना लवकर कामाला लागता येतं.) शेवटी टोळाला सरावाला नेण्याचं काम मी स्वतः मागून घेतलं. ते तिचं काम होतं आणि ती जागा रिकामी होती.

टोळ म्हणजे तुमच्या भाच्याचा मुलगा, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही त्याला पाहिलं तेव्हा तो रांगत होता. आता तो तेरा वर्षांचा आहे आणि अजून चालायला शिकलेला नाही, उड्याच मारतो, म्हणून तुमच्या बहिणीने हे नाव ठेवलं. तो चिअरलीडिंग शिकतो. मीही आधी समजत होतो की यात खेळाडूंच्या कडेला उभं राहून झगमगीत गोंडे हलवायचे असतात. तसं नाही. याच्या स्वतःच्या स्पर्धा असतात. तीन-चार जण खाली उभे राहून एकाचे पाय तळहातांवर घेतात आणि त्याला डोक्याच्या वर उचलतात. वरच्याला फ्लायर म्हणतात. त्याने तिथे एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय कानापर्यंत न्यायचा आणि वर हसायचंही. मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, पण खांब एकमेकांशी कुजबुजताहेत आणि गच्ची हसते आहे असं बांधकाम कधी पाहिलं नव्हतं.

सराव एका जुन्या फर्निचरच्या गोदामात होतो. निळ्या गाद्या अंथरलेल्या, एका भिंतीला आरसा, मोज्यांचा वास आणि पालकांसाठी एक लांब बाक. बाकावर मधोमध तुमच्या बहिणीने शिवलेली उशी अजून होती आणि तिथे कोणी बसत नव्हतं. पहिले काही दिवस मी अगदी टोकाला बसलो. मग शेजारच्या दंतवैद्य बाई म्हणाल्या, "अहो, उशीला कंटाळा आलाय एकटीला. सरका मधे." मी सरकलो. (तुमची बहीण तिथे बसून इतकं ओरडायची म्हणे की शिट्टी वाजवायची गरज पडत नसे. घरी कधी बोलली नाही हे.)

या चमूत बेकरीवाल्यांची मुलगी दोन वर्षं फ्लायर होती. मग ती एका सुट्टीत एवढी वाढली की दारातून येताना वाकायला लागली. कोच बाईंनी सगळ्या पोरांवर नजर फिरवली, टोळाची कॉलर धरली आणि म्हणाल्या, "तू वर." तिथून बाकावर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. टायरच्या दुकानाचे मालक म्हणाले, मुलग्याच्या अंगात ताकद असते, त्याने खाली राहून पेलावं, वर चढून मुरडण्यात काय आहे? (टोळाच्या अंगात किती ताकद आहे हे आमच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीला विचारावं, झाकण नेहमी सूनबाई उघडतात.) दंतवैद्य बाईंचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते बिनतोड वाटलं. त्या म्हणाल्या, मुलग्यांना बाकी सगळीकडे वरच्या जागा आहेतच. ही एक जागा मुलींची होती, तीही यांनीच घ्यायची आणि मुलींनी खाली उभं राहून यांना पेलायचं? मी विचारात पडलो. तेवढ्यात पाणी प्यायला आलेली बेकरीवाली बाटलीचं बूच लावत म्हणाली, "काकू, मी लहान होते म्हणून मला वर चढवलं, मला कोणी विचारलं नव्हतं. खाली मी मागून घेतलंय. आणि टोळ पडत नाही हो, कारण खाली मी आहे." मग बाकावर सगळे एकदम आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागले.

आता नाकाकडे येतो. ज्या दिवशी टोळ पहिल्यांदा पूर्ण उंचीवर गेला, त्या दिवशी मी बाकावर शांत बसलो होतो (मी शांतच बसतो, मला दुसरं जमत नाही). तो वर गेला, एक पाय उचलला, आणि त्याचा घोटा जरासा हलला. नंतर मला समजलं की घोटे हलतातच, खालचे सावरून घेतात, त्यांना त्यासाठीच ठेवलेलं असतं. पण त्या क्षणी मी उठलो आणि दोन्ही हात पसरून गादीवर धावत गेलो. आक्का, मी गेल्या वीस वर्षांत कशासाठीही धावलो नव्हतो. थांबायचं कसं ते मी विसरलो होतो. मी थेट बेकरीवालीच्या पाठीवर आदळलो, ती पुढच्यावर, आणि गच्ची, खांब, पाया सगळं माझ्या अंगावर आलं. त्या पोरांची करामत अशी की पडता पडताही त्यांनी टोळाला मधल्या मधे झेललं. तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत मऊ पडला, माझ्या पोटावर. फक्त माझं नाक कोणाच्या तरी कोपराखाली होतं. "आजोबा," टोळ म्हणाला, "तुम्ही मला वाचवायला आला होतात का? मी पडत नव्हतो."

मला वाटलं कोच बाई मला हाकलून देतील. त्यांनी नाकाला बर्फ लावला, दोन-तीन दिवस जाऊ दिले आणि मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला हे बाकावरून कळणार नाही. या." एका बाजूला त्या स्वतः, दुसऱ्या बाजूला बेकरीवाली आणि मागे त्यांचे दोन दांडगे शिष्य. मी नको म्हणायच्या आत माझे पाय जमिनीवर नव्हते. फार वर नाही, त्यांच्या खांद्यापर्यंतच. (मी वजनाला किती आहे हे तुम्ही जाणताच. आमच्या लग्नात तुम्हीच म्हणाला होतात की नवरदेवाला हारासकट धरून ठेवा, वारा सुटलाय.) मी घाबरून बेकरीवालीची वेणी धरली. "आजोबा, वेणी सोडा, ती तुमची नाही," ती खालून म्हणाली. टोळ समोर उभा राहून ओरडत होता, "खाली बघू नका! माझ्याकडे पण नका बघू! घड्याळाकडे बघा. आणि मदत करू नका हो, तुम्ही मदत केलीत की तोल जातो. नुसते ताठ उभे राहा."

मी वेणी सोडली. ताठ उभा राहिलो. घड्याळावर धूळ होती आणि मागे तुळईवर एक बॅडमिंटनचं फूल अडकलं होतं, तेवढं मला दिसलं. पायाखाली चार माणसांचे हात होते आणि मला कोणी काही करायला सांगत नव्हतं. घरी सगळे मला धरतात तेव्हा मी मोडलेला आहे असं वाटतं. इथे धरलं तेव्हा तसं वाटलं नाही. हे मला नीट सांगता येत नाही. तिने मला इतकी वर्षं कसं धरलं होतं ते मला जाणवलंसुद्धा नव्हतं, मला आपलं मी स्वतःच उभा आहे असं वाटायचं. मग कोच बाई ओरडल्या, "आजोबा, हसा! गुण जातात!" आणि मी हसलो. आज्ञाच होती.

मला खाली उतरवल्यावर कोच बाई बाकाकडे वळून म्हणाल्या, "वरचा मुलगा आहे की मुलगी हे माझ्या तळहाताला कळत नाही. विश्वास ठेवून उभा आहे की नाही, एवढं कळतं." टायरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्य बाई म्हणाल्या, मला अजून पटलेलं नाही, पण पोरगा देखणा उभा राहतो. मलाही त्यांचं म्हणणं पूर्ण खोडता आलेलं नाही. पण मी टोळाला रोज वर जाताना पाहिलं आहे. तो खालच्या प्रत्येकीला आधी नावाने हाक मारतो, मग पाय ठेवतो. खांबांना एवढा मान देणारी गच्ची मी पाहिलेली नाही.

आता वाईट बातमी. टायरवाल्यांनी कौतुकाने चिरंजीवांना सगळं सांगितलं, नाकासकट (घरी मी दारावर आपटलो असं सांगितलं होतं). चिरंजीवांनी टोळाचं वर चढणं बंद केलं. आधी म्हणाले, पोराने वर चढून हसायचं, लोक काय म्हणतील? सूनबाईंनी विचारलं, "कोण लोक? नावं सांगा." तेव्हा ते म्हणाले, "मला आता आणखी कोणाला दवाखान्यात बघायचं नाही." स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. वडिलांनी हो म्हटल्याशिवाय टोळाला वर चढवणार नाहीत. तो हल्ली चालतो, आक्का. नीट, एकापुढे एक पाऊल टाकून. बघवत नाही.

असो. इकडचं सगळं क्षेम आहे. गुडघा जपावा. तुमच्या मांजरीला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. तुमचा भाचा लहानपणी तुमच्याकडे राहिला होता आणि अजून तुमच्या आवाजाला घाबरतो. त्याला एक फोन करावा. रागावू नये, तो घाबरला आहे. त्याला एवढंच सांगावं, की धावत जाऊन धरायला गेलं की सगळेच पडतात. मी सांगून पाहिलं, पण माझ्या नाकाकडे बघून तो ऐकत नाही.

ता. क. दुसरा. स्पर्धेच्या पोशाखाचं निळं कापड तुमच्या बहिणीने आणून ठेवलं होतं, कपाटात सापडलं. शिवायला तुमच्याशिवाय कोणी नाही. कापड आणि मापं सोबत पाठवत आहे.

ता. क. तिसरा. मापं दोन आहेत. स्पर्धेच्या सुरुवातीला आजी-आजोबांच्या चमूचं एक प्रात्यक्षिक आहे आणि त्यांच्याकडे हलका माणूस नव्हता. लांब बाह्यांचं माप माझं. फोनवर हे बोलू नये.