आतल्या खोलीतल्या बाई

प्रिय छोटे,

तू माझे फोन उचलत नाहीस ते बरंच करतेस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलले नसते. तीन आठवड्यांपूर्वी तू निघालीस तेव्हा तुला जे काही बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात, पण माफी मागायला पत्र लिहायला घेतलंय असं समजू नकोस. माफी मला कधी नीट मागता आली नाही, ते काम कायम तुझं. सध्या वीस मिनिटं बसून लिहिता येतं, मग अर्धा तास आडवं व्हावं लागतं, त्यामुळे अक्षर मध्येमध्ये बदललेलं दिसेल. लिहिणारी मात्र एकच आहे.

तब्येतीचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुला विचारायला नको. वजन बेचाळीस किलो. केस पुन्हा उगवायला लागलेत, पण तान्ह्या बाळाला असतात तसे. नर्सबाई दिवसाआड येतात, दंडावरची औषधाची पट्टी बदलून जातात, त्यामुळे दुखणं जरा दबून असतं. डॉक्टरांनी हिशोब सरळ सांगितला होता, तू होतीसच फोनवर. उपचार चालू ठेवले तर सहा महिने, थांबवले तर तीन-चार. त्या सहातले निम्मे दिवस नळ्या लावून आणि उरलेले बादलीत तोंड घालून जाणार, हे मी चार वेळा करून पाहिलं होतं. म्हणून थांबवलं. तू चिडलीस, पण मला काय हवंय ते तुला ठाऊक होतं. खालचं दुकान बंद करायचं, गिऱ्हाइकांचे कपडे त्यांना परत करायचे आणि उरलेले दिवस वरती आईजवळ बसून काढायचे. चाळीस वर्षं आम्ही दोघी समोरासमोर मशीनवर बसलो, पण डोळे कायम कुणाच्या तरी पँटच्या उंचीवर नाहीतर बिघडलेल्या चेनवर. मला तिच्याकडे नुसतं बघत बसायचं होतं. शेवटचं म्हणून माणसं काय काय मागतात, मी एवढंच मागितलं होतं.

तुझं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, असं आई आपल्या लहानपणापासून म्हणायची. त्यामुळे मागच्या वर्षी खरोखर दुखायला लागलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी आठवून पाहिलं, छोटीचं आता नवीन काय बरं झालं? आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यभर दुखलंच. आई कापड दुहेरी घडी करून एकाच कात्रीनं आपले दोघींचे फ्रॉक कापायची, तरी तुझा अंगावर बसायचा आणि माझा लोंबायचा. चेहरा दोघींचा एकच, पण तुला तो शोभायचा. कॉलेजला तू गेलीस, कारण सुई तुझ्या बोटात शिरायची आणि माझ्या कापडात. लग्न तुझं झालं. मुलं तुला झाली. मला कुणी विचारायलाही आलं नाही, आणि लोक म्हणायचे, दिसायला सारख्याच आहेत हो, मग हिचंच का अडलं. मी मशीनवर मान खाली घालून टीप मारत राहायचे.

फक्त एक गोष्ट माझी होती. आई. सगळ्या जगानं आपल्यात घोळ घातला. शाळेत बाईंनी तुझ्या चुकीसाठी मला उभं केलं, तुझ्या नवऱ्यानं एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून आपले मोजे कुठे आहेत म्हणून विचारलं. पण आईची एकदाही चूक झाली नाही. पाठमोरी असो, जिन्यावर पाऊल वाजो, शेजारच्या खोलीत खोकला येवो, मोठी कोण आणि छोटी कोण हे तिला बघावं लागायचं नाही. गेली दोन वर्षं ती वार विसरते, बाबा गेले हे विसरते, दात घासलेत की नाही ते विसरते, पण मला विसरली नव्हती. मी रोज थोडी थोडी झिजत होते, आणि रोज समोर असल्यामुळे तिची नजर ते रोज थोडं थोडं शिवून घेत होती. केस गेले तेव्हाही, मोठे, डोक्याला फडकं बांध, थंडी वाजेल, एवढंच म्हणाली.

आणि मग तू आलीस. त्याआधीची एक गोष्ट सांगते, सांगून मोकळी होते. जुळ्या आहात तर बहिणीचीही तपासणी करून घ्या असं डॉक्टर म्हणाले आणि तुझा रिपोर्ट स्वच्छ आला. मी फोनवर बरं झालं म्हटलं, फोन ठेवला आणि उशी भिंतीवर भिरकावली. एकाच पोटात, एकाच वेळी वाढलो, मग तुझ्याच स्वादुपिंडाला काय सोनं लागलंय? असं डोकं चालतं माझं. त्यामुळे तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस, भरल्या गालांची, केस नीट कापलेली, तेव्हा मला बहीण दिसलीच नाही. माझाच मागच्या वर्षीचा चेहरा मला भेटायला आला होता आणि वर विचारत होता, अगं किती वाळलीस.

चौथ्या दिवशी सकाळी आपण तिघी चहाला बसलो होतो. आईनं बिस्कीट चहात बुडवलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तुझ्याकडे वळून म्हणाली, "मोठे, या बाई कोण आहेत गं? आजारी दिसतात बिचाऱ्या." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता तू हसशील, म्हणशील, आई, अगं मी छोटी. तू तिचा कप सरळ केलास आणि म्हणालीस, "राहू दे गं त्यांना. कुठं जातील?" तिला घाबरवायचं नव्हतं तुला, हे मला आज कळतं. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं सगळं घेतलंस, आता ही जागाही घेतलीस, तीही मी अजून तिच्यात बसलेली असताना. मी मरायची तरी वाट बघायचीस, असं मी तुला जिन्यात बोलले. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. तू बॅग भरलीस, दुपारच्या गाडीनं गेलीस, आणि मला वाटलं, झालं, माझी आई मला परत मिळाली.

मिळाली नाही. तू गेलीस आणि तिची मोठी तुझ्याबरोबर गेली. संध्याकाळी ती आतल्या खोलीच्या दाराशी आली, टकटक केलं, माझ्या दारावर त्याआधी तिनं कधी टकटक केलेलं नव्हतं, आणि म्हणाली, "अहो बाई, माझी मुलगी कुठं गेली, तुम्हाला काही सांगून गेली का?" अठ्ठावन्न वर्षांत आई मला पहिल्यांदा अहो म्हणाली. मी तिला हाताला धरून सांगितलं की मीच मोठी. ती इतकी घाबरली की रडायला लागली. दुसऱ्या दिवशी मी अंगठा दाखवला, लहानपणी मशीनची सुई आरपार गेली होती तो. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि माझा हात थोपटत म्हणाली, माझ्या मुलीलाही अगदी अशीच खूण आहे हो, तुम्हीही शिवणकाम करायचात का? मी हो म्हटलं. काय म्हणणार? तेव्हापासून मी या घरात आतल्या खोलीतल्या बाई आहे.

आता गंमत ऐक. बाई झाल्यापासून आई माझ्याशी जेवढं बोलते तेवढं मुलीशी कधी बोलली नाही. दुपारी ती माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसते आणि मुलींबद्दल सांगत राहते. छोटी गुणाची आहे, म्हणते, पण ती आली की मला पाहुणे आल्यासारखं आवरून बसावं लागतं. हे ऐकून मी खूश झाले. लिहिताना लाज वाटते, पण झाले, त्या दिवशी अर्धी वाटी सूप जास्त प्यायले. मोठीचं विचारलं तर आधी म्हणाली, ती तोंडाची फटकळ आहे, मनानं जळकी आहे. मग म्हणाली की मोठीला मागणी घालायला एकजण आला होता. शाळेत भूगोल शिकवायचा, आईच्याच दुकानात बाह्या लांब करून घ्यायला यायचा. चांगला होता. आईनं त्याला परस्पर सांगितलं की मोठीला लग्न करायचंच नाहीये. मी विचारलं, तुमच्या मुलीला हे कधी सांगितलंत का? "सांगितलं असतं तर गेली असती," आई म्हणाली. "छोटीला जाऊ दिलं मी. हिला नाही देता आलं."

छोटे, मला तो माणूस आठवतो. त्याच्या बाह्या मीच लांब केल्या होत्या. आत दुमडलेला दाब उसवून, इस्त्री फिरवून, जुनी घडी दिसू नये म्हणून दोनदा. तो निळा शर्ट घेऊन गेला आणि परत आला नाही. मी इतकी वर्षं समजत होते की मला कुणी विचारलंच नाही, आणि त्याच रागानं तुझ्या प्रत्येक सुखाकडे बघितलं. आता भांडायचं तर कुणाशी? ती परक्या बाईला विश्वासानं सांगत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि खरं सांगू, राग आला तसं आणखीही काही आलं. तिनं दोघींतून मला ठेवून घेतलं होतं. मी तिला नकोशी म्हणून मागे उरले नव्हते. हे कळायला मला परकी व्हावं लागलं, आणि आता ते ऐकून मुलीसारखं तिच्या मांडीवर डोकंही ठेवता येत नाही. ती बोलता बोलता जिन्याकडे बघते, मोठी येतेय का म्हणून, आणि मला त्या मोठीचा हेवा वाटतो. तुझा करून संपला, आता माझा मलाच.

पण तिचं खाणं तुटलंय. दोन घास खाते आणि ताट झाकून ठेवते. गेल्या आठवड्यात दोनदा एकटीच जिना उतरून बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली, दुसऱ्यांदा नर्सबाईंनी पाहिलं म्हणून, नाहीतर तोल गेला होता. मला तिच्यामागे जिना उतरता येत नाही. वरून हाका मारते तर ती मान वर करून म्हणते, तुम्ही झोपा बाई, माझी मुलगी येईल इतक्यात. मी नुसतं तिच्याजवळ बसायचे दिवस मागून घेतले होते, ते मिळाले, आणि ते सगळे ती माझी वाट बघण्यात घालवतेय.

काल दुपारी तिनं नर्सबाईंकडून मला टेबलाशी बसवून घेतलं, कागद आणि पेन पुढे केलं आणि म्हणाली की बाई, माझा हात थरथरतो, माझ्या मोठीला चार ओळी लिहून द्या. म्हणून हे पत्र. ते कुणाच्या पत्त्यावर टाकायचं हे आज सकाळपर्यंत मला ठरवता येत नव्हतं. तिची मोठी या घरात उरलेली नाही. कुठं असलीच तर तुझ्याकडे आहे. तेव्हा ये, आणि मोठी म्हणून ये. तुझी शाळेची नोकरी संपली, मुलं आपापल्या घरी आहेत, नवऱ्याला मोजे एव्हाना सापडत असतील. माझा करडा स्वेटर दारामागे आहे तो घाल, आणि तिच्याशी फार गोड बोलू नकोस, तिला संशय येईल. मी गेल्यावरही मोठीच राहा. छोटी तिला फोनवर भेटेल, तशी ती नेहमी फोनवरच भेटायची. आतल्या खोलीतल्या बाई कुठं गेल्या असं तिनं विचारलं, तर बऱ्या होऊन आपल्या घरी गेल्या म्हणून सांग. आपली मुलगी गेली हे तिला कधीच कळायला नको. ती तुला मोठे म्हणून हाक मारेल तेव्हा मी आत जळत पडलेली असेन. जळू दे मला, त्यात तू पडू नकोस. आता तिनं सांगितलेला मजकूर तिच्याच शब्दांत देते: मोठे, मी जेवायची थांबलेय. रागावली असशील तर घरी येऊन रागव. घरात एक आजारी बाई आहेत, त्यांना मला एकटीला उठवून बसवता येत नाही, आणि त्यांचं कुणी नाही.

तू येईपर्यंत,
तुझीच मोठी