हॉटेलातली नोकरी

गुरु. ३० जाने.
चिनी नववर्षाची सुट्टी. अख्खं चोआ चू कांग झोपलंय, आमची केतकी मात्र सकाळीच एमआरटी मेट्रोने हॉटेलात. बोलणी तिथेच चालतात. कुठल्या देशाची, ते ती सांगत नाही, मी विचारत नाही. (एकदा विचारलं होतं. तिने पंखा मोठा केला.)
एवढंच ठाऊक आहे की एक लढाई थांबवायची आहे आणि कराराचा मसुदा आमची वकील मुलगी लिहिते आहे. सगळं जुळलं, एका वाक्याशी अडलं. सेनापती म्हणतो, सही करतो, पण मला आणि माझ्या माणसांना कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं करायचं नाही, हे आधी लिहून द्या. समोरच्यांची गावं जळलीत. ते म्हणतात, मेलो तरी नाही. म्हणून ते वाक्य कंसात. दोघांनी मान हलवल्याशिवाय कंस काढायचा नाही, अशी त्यांची पद्धत.
कुणाजवळ बोलायचं नाही अशी तंबी. ह्यांना काय, हे कुणाशी बोलतच नाहीत. माझं पोट फुगतं. म्हणून इथे, या वहीत.

रवि. २ फेब्रु.
मंडळातल्या शुभदाकडे जुरोंग ईस्टला हळदीकुंकू. तिचा काँडो, तिचा स्विमिंग पूल, तिचा बँकेतला मुलगा, या क्रमाने सगळं दाखवून झालं. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा, झाकण लागत नाही.
मग मला बाजूला घेऊन, हळूच: "अगं, केतकी दिसली मला. त्या मोठ्या हॉटेलच्या लॉबीत. गळ्यात बॅज, पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडत होती. वकिली सुटली का गं तिची?"
सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "सध्या तिथेच असते."
"असू दे हो. कुठलंच काम हलकं नसतं." आणि दोन तिळाचे लाडू जास्त बांधून दिले. कडक.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "सोडतेच की ती पाहुण्यांना."

बुध. ५ फेब्रु.
के. दमून आली. हळूहळू एकेक बोलली.
मध्यस्थसाहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, तोडगा काढला. सेनापतीचं वाक्य काढून टाकायचं आणि त्याऐवजी पार शेवटच्या पानावर एवढंच घालायचं, की मागील सर्व बाबी परस्परांत मिटल्या असे समजावे. कंस गेला, सगळे मोकळे.
के.ने लिहून दिलं. दोन्ही पक्ष एका खोलीत बसत नाहीत, मसुदा घेऊन ये-जा हिचीच. वाचून दाखवला. जळलेल्या गावांकडून आलेली एक शिक्षिका आहे, तिने विचारलं, "म्हणजे माफीच ना?" के. म्हणाली, "हो." पलीकडच्या खोलीत सेनापतीच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे आता न्यायालय हात लावणार नाही?" के. म्हणाली, "तसं नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालय या कागदाला बांधलेलं नाही."
दोन्हीकडे फायली मिटल्या. बोलणी ठप्प.
साहेब म्हणाले, "तुला वाचायला पाठवलं होतं, समजावायला नाही." उद्यापासून येऊ नकोस.
माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. तिच्यासमोर मात्र नुसता वरणभात वाढला.

शुक्र. ७ फेब्रु.
के. घरी. कपाटं आवरते, मध्येच मोबाईलवर तिकडच्या बातम्या बघते. पुन्हा तोफा.
दुपारी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आई, मी गुळमुळीत उत्तर दिलं असतं तर बुधवारीच सह्या झाल्या असत्या. आज मेली ती माणसं वाचली असती."
"आणि त्या शिक्षिकेला मागाहून कळलं असतं तर?"
"कळायला ती जिवंत तरी असती."
तिचा अभिमान वाटतो, तो तसाच वाटतो आहे, पण त्याने तिला उत्तर मिळत नाही. गवार मोडत बसलो दोघी.

शनि. ८ फेब्रु.
शुभदाचा फोन. "केतकी घरी असते म्हणे? काढलं का हॉटेलवाल्यांनी? मुलाला विचारते. त्याच्या बँकेच्या वुडलँड्सच्या शाखेत काउंटरवर जागा आहे. बायोडेटा पाठव."
मनाने चांगली आहे, हाच तर त्रास आहे. विचारून सांगते म्हटलं. फोन ठेवला आणि कणीक अशी तिंबली की पोळ्या वातड. हे चावता चावता, "आज कुणाशी युद्ध?"

मंगळ. ११ फेब्रु.
सकाळी साहेबांचा फोन के.ला. दोन्ही खोल्या अडून बसल्यात. शिक्षिका म्हणते, ती मुलगी वाचेल तरच ऐकू. नवल म्हणजे सेनापतीचा वकीलही तेच म्हणतो. उद्या परक्या विमानतळावर उतरल्यावर बेड्या पडायच्या असतील तर आजच कळू दे म्हणे.
के.ने अट घातली. कुणी अर्थ विचारला तर सांगणार.
साहेब म्हणाले, "बघू." म्हणजे हो की नाही, तिलाही कळलं नाही. वाक्य अजून कंसातच. तोफाही चालूच.
तरी निघाली. बॅज सापडेना. मीच जपून ठेवला होता, देवघराच्या खणात. तिच्या गळ्यात मीच घातला.
दुपारी शुभदा. "बायोडेटा पाठवतेस ना?"
"नको गं. तिला परत बोलावलंय."
"त्याच हॉटेलात?"
"हो. तिच्यावाचून अडलंय त्यांचं." हे म्हणताना मान अशी ताठ झाली माझी, शुभदाला फोनवर दिसली नाही ते बरंच.
"चला, बरं झालं. पाहुणे तरी धड आहेत का?"
"एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत," मी म्हटलं. "अजून तरी नाही."