मागे वळून बघणारं पिल्लू

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, घर जागेवर आहे, मेंढ्याही जागेवर आहेत. निदान ही ओळ लिहीपर्यंत तरी होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर माझ्या डाव्या पायाला दोष दे. त्याच्यावर सोळा किलोचं कुत्र्याचं धूड पसरलंय आणि पाय जरा हलवला की मान वर करून ‘काय झालं?’ असं बघतंय. तू चार महिन्यांत फोन केला नाहीस, मीही केला नाही. तू का केला नाहीस ते मला परवा कळलं. मी का केला नाही ते तुला सांगायचंय, पण त्यासाठी जरा लांबून वळसा घालून यावं लागणार आहे. तेव्हा रागावलेली असलीस तरी शेवटपर्यंत वाच.

साहेब गेला त्याला आता दोन हिवाळे होतील. तुला फोनवर ‘म्हातारा होऊन गेला’ एवढंच सांगितलं होतं. सकाळी फाटकाशी बसला होता, नेहमीसारखा शेपूट पायांभोवती घेऊन ऐटीत, जसा बघून तू त्याचं नाव साहेब ठेवलं होतंस. मी कुरणाचं फाटक उघडलं, तो उठला, दोन पावलं चालला आणि परत खाली बसला, तो बसलाच. तेरा वर्षं काम केलं त्याने. तुझे बाबा गेल्यावर कळपाचा कारभार खरं तर त्यानेच चालवला. मी नुसती मागून शीळ घालत फिरायचे. तो गेल्यावर ही गोष्ट मेंढ्यांच्या लगेच लक्षात आली. बाई एकटी आहे म्हटल्यावर त्यांनी लोकशाही सुरू केली. बेचाळीस मेंढ्या आणि बेचाळीस मतं. मी हातात काठी घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळतेय, आणि दोन्ही गुडघे राजीनामा लिहून बसलेत, असा सगळा तमाशा. शेजारचा सुतार कुंपणावरून म्हणाला, “विकून टाका आता, किती दिवस ओढणार?” तू पण तेच म्हणत होतीस. तुम्हा दोघांना दाखवून द्यायचं म्हणून मी पिल्लू आणायला निघाले. हे कारण काही चांगलं नव्हतं.

टेकडीपलीकडे एक बाई मेंढ्या हाकणारी कुत्री तयार करते. सगळे तिला मास्तरीण म्हणतात, कारण कुत्र्यांशी आणि माणसांशी ती एकाच आवाजात बोलते. तिच्याकडे सहा पिल्लं होती. मी गेले तसं एक काळंभोर पिल्लू सगळ्यांना तुडवत धावत आलं आणि माझ्या कोटाची बाही ओढायला लागलं. झालं, मी विरघळले. मास्तरीण म्हणाली, “हे नको. हे फार आगाऊ आहे, तुम्हाला झेपणार नाही.” मला वाटलं, माझं वय काढतेय. मी तेच उचललं. नाव ठेवलं तुफान, आणि त्याने नावाला कुठे बट्टा लावला नाही. आणून सात महिने झाले तरी शीळ घातली की एकदा डावीकडे पळायचा, एकदा उजवीकडे, एकदा नुसता उभा राहून माझ्याकडे वेड्यासारखा बघायचा. ‘थांब’ची शीळ तर त्याच्या गावीच नव्हती. एके दिवशी मेंढ्यांच्या मधोमध घुसला, कळप उधळला आणि एका गाभण मेंढीचा पाय तारेत अडकून मोडला. ती वाचली, कोकरू वाचलं नाही. त्या संध्याकाळी मी मास्तरणीला चिठ्ठी पाठवली की तुमचं पिल्लू बिनकामाचं आहे, उद्या परत आणतेय.

बारके, तिथे माझी जी शोभा झाली ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मास्तरीण तुफानला शेतात घेऊन गेली, दहा मेंढ्या सोडल्या आणि शीळ घातली. तुफान तीरासारखा गेला, वळसा घेतला, आणि दुसऱ्या शिळेला पोट जमिनीला टेकवून गप्प बसला. सात महिन्यांत त्याने माझ्यासाठी असं एकदाही केलं नव्हतं. मग मला म्हणाली, “आता तुम्ही घाला.” मी घातली. तुफानने मान तिरकी केली. “परत घाला, तीच.” मी परत घातली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. ती चालत माझ्या पाठीमागे गेली. मी मेंढ्यांकडे बघत उभी. बराच वेळ झाला तरी ती पुढे येईना म्हणून वळले, तर ती चार पावलांवर उभी होती आणि हातात एक रिकामं पत्र्याचं घमेलं आणि दगड. तिने माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्याकडे करून, अगदी सावकाश विचारलं, “बाई, किती दिवसांपासून ऐकू येत नाही?”

मी म्हणाले, छे, थोडं कमी येतं, वाऱ्याचा त्रास होतो. ती म्हणाली, “तुमची ‘थांब’ची शीळ दोन वेळा दोन सुरांत निघाली. तुम्हाला स्वतःलाच ती ऐकू येत नाहीये. पिल्लाने काय करायचं? ते बिचारं सात महिने अंदाज बांधतंय.” मग साहेब माझं कसं ऐकायचा, हे मी जरा तावातावानेच विचारलं. त्यावर ती जे बोलली ते मला अजून टोचतं: “तो ऐकत नव्हता. तेरा वर्षांत काम पाठ झालं होतं त्याला. तुम्हाला सांभाळून घेत होता.” तुफानला तिथेच ठेवून मी घरी आले. चांगलं काम करतो आता, कुणाच्या तरी मोठ्या कळपावर आहे. त्या मोडलेल्या पायाचं आणि त्या कोकराचं खापर मी त्याच्यावर फोडलं होतं, ते त्याच्या डोक्यावरून काढून घेतलं.

पुढच्या वेळी पिल्लं झाली तेव्हा मास्तरणीनेच बोलावलं. या खेपेला मला निवडू देत नव्हती. गोठ्यात फरशीवर बसायचं, हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, नुसतं बसायचं. तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, तासभर मी तशी बसले. पाच पिल्लं होती. दोघं बुटाच्या नाड्या खायची, एक सारखं झोपायचं, एक गुबगुबीत पिल्लू मांडीत चढून बसायचं, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पाचवी एक किडकिडीत पोरगी, पांढऱ्या नाकाडावर शाईचा थेंब पडावा तसा काळा डाग. ती लांब बसून माझ्या तोंडाकडे बघायची. मी तोंड फिरवलं की उठून त्या बाजूला येऊन बसायची आणि परत बघायची. मास्तरणीने घमेलं खाली आपटलं तेव्हा सगळी पिल्लं पळाली, ही पण पळाली, पण वाटेत थांबून आधी मी काय करतेय ते तिने बघून घेतलं. मास्तरीण म्हणाली, “ही घ्या. हिच्यात एक दोष आहे. काम करताना ही मागे वळून माणसाकडे बघणार. मेंढ्यांवरची नजर काढणारा कुत्रा मी एरवी कुणाला देत नाही. तुम्हाला मात्र असाच लागेल.” मांडीवरच्या गुबगुबीताला खाली ठेवताना मला वाईट वाटलं. डागावरून जिला ठिपकी म्हणायला लागले, तिला गाडीत घालताना काहीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

आणि पहिले दोन महिने आमचं काही जमलं नाही. प्रेमबिम सगळं मागाहून. ती हातातून खायची नाही, कुरवाळायला गेलं की अंग चोरायची, आणि माझ्या चपलांचे एकेक अंगठे मन लावून संपवायची. मास्तरणीच्या हुकुमाने मी कमरेला दोरी बांधून तिला दिवसभर सोबत फिरवायचे. भांडी घासताना, चारा टाकताना, कपडे वाळत घालताना आम्ही दोघी एका दोरीत. सुतार म्हणाला, नेमकं कोणी कोणाला बांधलंय? शीळ बंद. तळहात खाली केला की बसायचं, डावा हात लांब केला की डावीकडून वळसा, उजवा केला की उजवीकडून, दोन्ही हात छातीशी आणले की परत यायचं. हे तिला पंधरा दिवसांत आलं. मला यायला वेळ लागला, कारण हात दाखवायचा तर आधी ती बघेपर्यंत गप्प उभं राहावं लागतं आणि गप्प उभं राहणं आपल्या घराण्यात नाही. एके सकाळी मी विसरून दोरी न बांधताच चारा टाकायला गेले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं. मागे बघितलं तर ती माझ्या पावलाला पाऊल लावून येत होती. त्या दिवसापासून दोरी खुंटीला आहे.

न शिकवलेल्या गोष्टीही करते. किटलीला उकळी आली की गुडघ्याला नाक लावते. फाटकाशी कुणी आलं की माझ्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहते. मागच्या महिन्यात आम्ही कळप गल्लीतून पलीकडच्या कुरणात नेत होतो. एका बाजूला दगडी भिंत, एका बाजूला कुंपण, मी सगळ्यांत मागे. ठिपकी पुढे होती. तिने वळून बघितलं आणि एकदम मेंढ्या सोडून माझ्याकडे धावत आली. मी चिडून तिला हाताने परत जायला सांगितलं, दोनदा सांगितलं. ती गेली नाही. माझ्या पायात आडवी उभी राहिली आणि माझ्या पाठीमागे टक लावून बघायला लागली. मी वळले तर दुधाचा टँकर, मागून येऊन हातभर अंतरावर थांबलेला. ड्रायव्हर खाली उतरून लालबुंद होऊन ओरडत होता. किती वेळ हॉर्न वाजवत होता कोण जाणे. नंतर आम्ही दोघी भिंतीला टेकून बराच वेळ बसलो, आणि मेंढ्यांनी सुताराचा कोबी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडे गेले, जे चार वर्षांपूर्वी करायला हवं होतं. उजवा कान संपलाय. डाव्यात थोडं उरलंय. मशीन मिळालंय, त्याने दार आपटलेलं कळतं, समोरच्याचं बोलणं ओठ दिसले तर बरंचसं कळतं. फोनवरचं काही कळत नाही.

ते आधीपासूनच कळत नव्हतं, बारके. मास्तरणीने सांगितलं तेव्हापासून मला पक्कं ठाऊक होतं आणि मी ते तुझ्यापासून लपवलं, कारण तू लगेच म्हणाली असतीस की मेंढ्या विकून टाक आणि इकडे ये. तू बोलायचीस तेव्हा मला लांबून मधमाश्या गुणगुणल्यासारखं काहीतरी यायचं, आणि तू थांबलीस की मी ‘हो’, ‘बरं’, ‘छान’, ‘जेवलीस का’ यातलं एक फेकायचे. अडीच वर्षांत तुझं येणं झालं नाही, त्यामुळे ते खपलं. परवा तुझी मावशी आली. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “ताई, तुला काळीज आहे का? पोरीचं पोटातलं बाळ गेलं, आणि तू तिला म्हणालीस, बरं झालं, सुटलीस एकदाची?” मी तिला तीनदा परत सांगायला लावलं. मला वाटलं होतं, तू ती नोकरी सोडल्याचं सांगतेयस. कान थोडे चालत होते तेव्हा तू तिथल्या साहेबिणीला कंटाळल्याचं ऐकलं होतं, तेच डोक्यात बसलं होतं. तुला दिवस गेलेत हेही तू मला त्याच्या आधी सांगितलं होतंस म्हणे, आणि मी ‘छान, जप स्वतःला’ म्हणाले होते. तो अंदाज बरोबर बसला म्हणून कुणालाच काही कळलं नाही, तुला नाही आणि मलाही नाही. कान गेले यात माझी चूक नाही. न ऐकता उत्तरं दिली, ती माझी चूक. त्यानंतर तुझा फोन येईना तेव्हा मला बरंच वाटलं, की चला, नाटक करायला नको. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण आता काही गाळायचं नाही असं ठरवलंय. ठिपकीला आणि मेंढ्यांना आठ दिवस मास्तरीण बघणार आहे. गुरुवारी दुपारच्या बसने मी येतेय. जावईबापूंना उतरवून घ्यायला पाठवू नकोस, मी विचारत विचारत येईन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी जिन्यात बसेन. आणि उघडलंस, तर खिडकीशी, उजेडात, माझ्याकडे तोंड करून बस आणि फोनवर सांगितलं होतंस ते सगळं मला पहिल्यापासून सांग. बाळ कितव्या महिन्यात गेलं, तुझ्याजवळ तेव्हा कोण होतं, तुला किती दुखलं, हे मी मावशीला मुद्दाम विचारलं नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझीच, उशिरा का होईना येणारी,
आई