भाजलेला भोपळा

३ मार्च, मंगळवार
लेकीने शनिवारी जेवायला बोलावलंय, ती स्वयंपाक करते त्या मोठ्या हॉटेलात. तिने स्वतः बसवलेला पदार्थ पहिल्यांदाच मेनूवर लागलाय. "बाबा, तुम्ही खाऊन बरा म्हणालात की बाकीच्यांचं मला काही नाही." कोणता पदार्थ, ते सांगेना.

५ मार्च
तिथे काट्या-चमच्याने जेवतात म्हणे. घरी सराव केला. बटाटा उडून बायकोच्या मांडीवर. "लोक विंचवाच्या काट्याला भितात, तुम्ही जेवणाच्या."

७ मार्च, शनिवार
चारचौघांत पोरीची शोभा नको, म्हणून निघण्याआधी घरीच पोटभर जेवलो. तिथे दोन घास टिपले की झालं, असा हिशेब. बायकोने कपाळाला हात लावला.

उंच छत, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, पाय रुतेल असा गालिचा. पण माणसं किती साधी! वाढपी म्हणाला, "काका, खुशाल हाताने जेवा." शेजारच्या टेबलावर एक सुटातला गृहस्थ बोटं चाटत होता.

मग ताट आलं. भाजलेला भोपळा. ती लहान असताना शेकोटीच्या निखाऱ्यांत पुरून आम्ही दोघं भाजायचो — तोच धुरकट वास. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, हात पुढे केला, आणि ढेकर आला. पोट तट्ट. मळमळायला लागलं. घास उचलवेना. बायकोने तिचं ताट चाटूनपुसून संपवलं. माझं तसंच आत गेलं.

लेक बाहेर आली. "कसा झाला होता?"
"छान," म्हणालो.
"हो का," म्हणाली, आणि आत गेली.

८ मार्च
बायको म्हणते, "फोन करून खरं सांगून टाका. बाप आहात, पाहुणे नाही." फोन हातात घेतला, ठेवला. देवापुढे जाऊन बसलो.

११ मार्च
लेकीचा फोन आला. हवापाण्याचं बोललो.

१४ मार्च, शनिवार
सकाळपासून पोटात काही घातलं नाही. एकटाच गेलो. वाढपी नवा होता. भाजलेला भोपळा मागितला.
"तो आता मिळत नाही, काका. लोकांना आवडायचा हो. पण आमच्या ताईंनीच काढून टाकला — म्हणे, ज्याच्यासाठी केला त्याने हात लावला नाही."