राणीवरचं घोंगडं

मु. लोणमाळ, ता. सांगोले
आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८५६

तीर्थरूप ज्ञानबादादाला धाकट्या गोजाचा दंडवत.

हितं आमी समदी खुशाल हाय. तितं कुर्डुवाडीला तू, वैनी आन् पोरं खुशाल असशीला. हे पत्र शाळंचं संगप्पा मास्तर लिवत्यात. त्यांनी सुरवातीला 'विनंती विशेष' का कायसं घातलं हुतं, ते मी खोडायला लावलं. म्हणलं, मास्तर, माझा भाऊ रेल्वेच्या कारखान्यात दिसभर लोखंड घासतो, त्याला जरा बहिणीचं बोलणं ऐकू येऊ द्या की! मी बोलते तसंच लिवा.

तुझं पत्र पोचलं. भाऊबिजेला येतो, बार्शीचा व्यापारी संगं आणतो, मेंढरं त्याला देऊन टाकू, आन् तुला कायमची कुर्डुवाडीला नेतो, असं लिवलंस. नवरा गेलेली बाई मेंढरांमागं रानोमाळ कशी हिंडणार, ही तुला काळजी. त्याचं उत्तर देते. पण आदी दसऱ्याची गंमत ऐक, न्हाईतर ती माझ्या पोटात राहायची न्हाय.

दादा, टेकडीवर अहिल्यामाई उभी राहिली! गेल्या साली तू आलास तवा तितं नुस्ता काळा धोंडा हुता. 'ह्यातनं काय डोंबल निघणार?' म्हणून तू हसला हुतास. आता येऊन बघ. तीन गडी एकमेकाच्या खांद्यावर चढले तरी माईच्या कपाळाला हात पोचायचा न्हाय. डोईवर पदर, हातात म्हादेवाची पिंड, आन् नजर अशी सरळ की माळावर कुटंबी उभं राव्हा, आपल्याकडंच बघती वाटतं. आपल्या धनगराची लेक इंदूरकडं जाऊन राणी झाली, ती आता आपली मेंढरं राखाय परत आली, असं म्हातारी माणसं म्हणत्यात. पाथरवट अक्कलकोटाकडचा चन्नप्पा. शिव्या कानडीत देतो आन् हसतो मराठीत. लई गुणाचा माणूस.

पुतळ्याला पैका देणारी सोलापूरची मंडळी म्हणत हुती, पुतळ्यावर गिरणीचं पांढरं कापड घालू, पाव्हण्यांनी दोरी वढली की सर्रकन खाली. झालं, आमच्या लोकांचं टकुरं फिरलं! धनगराच्या लेकीला गिरणीच्या कापडात गुंडाळता व्हय? मग काय, घराघरातनं लोकर आली, आमी बायांनी सूत काढलं, पट्ट्या इणून जोडल्या आन् माईला ह्ये एवढं थोरलं घोंगडं केलं. चन्नप्पा 'ब्याड, ब्याड', म्हंजी नगं, नगं करत राहिला. ऐकतंय कोण!

दसऱ्याला अख्खा माळ माणसांनी भरला. ढोल वाजले, गजी नाचले. सोलापूरचं पाव्हणं म्होरं झालं, दोरी वढली. घोंगडं ढिम्म! लोकर खरबरीत दगडाला चिकटली आन् वर पिंडीला अडकली. पाव्हण्यांनी जोर लावला तशी दोरी तुटली आन् साहेब बदकन खाली बसलं. फेटा एकीकडं, चष्मा एकीकडं.

हसावं तरी पंचाईत. कोणतरी म्हणालं, पोरगं वर चढवा. म्हातारी माणसं खवळली. माईच्या अंगावर पाय देता व्हय? ढोल थांबलं.

मी कडंला मेंढरांपाशी उभी. हातात आकडी हुती, बाभळीच्या शेंगा पाडायची, लांब बांबूची. तेवढ्यात मामंजींनी हाक मारली. गुडघं गेल्यापासनं त्यांना चालवत न्हाय, गड्यांनी बाजेसकट वर आणलं हुतं. म्हणाले, "गोजे, आकडी घिऊन म्होरं हो."

मामंजींची भन केराआत्या लगीच कडाडली, "कोंडीबा, डोकं फिरलं का तुझं? शुभ कार्याला पांढऱ्या कपाळाची बाई म्होरं करतुयास?"

मी आकडी घिऊन मागं सरले. पण मामंजी बाजेवरनं गरजले, "केरे, त्या घोंगड्याखाली कोण हाय? तिच्या तरी कपाळाला कुंकू हुतं का? नवरा पडला, सासऱ्यानं सुनंला सती जाऊ दिलं न्हाय, आन् तिनं राज्य चालवलं. माझी सून नुस्तं घोंगडं वढती तर तुझं काय बिघडलं?"

मी गेले. आकडी घातली, झटका दिला, आन् घोंगडं धप्पकन माझ्याच अंगावर! आत अंधार, आपल्याच मेंढरांचा वास, आन् भाईर समदा माळ वरडतोय. त्या वासानं मेंढरं धावत आली आन् माझ्याभवती बँ बँ कराय लागली. माईचं पयलं दर्शन त्यांनीच घेतलं! मी आतल्या आत इतकी हसले दादा, की डोळ्याला पाणी आलं. हे गेल्यापासनं मी हसलेच नव्हते रे.

भाईर आले तवा मामंजींच्या मुठीत बिरोबाचा भंडारा हुता. दिवाळी झाली की आमची पाच-सात घरं मेंढरं घिऊन भीमंकाठी निघत्यात. म्होरं चालणाऱ्याला हा भंडारा लावत्यात. आजपतोर तो ह्यांना लागायचा. मामंजींनी तो माझ्या रिकाम्या कपाळाला लावला. मग केराआत्या म्होरं आली, तिनंबी मूठ भरून माझ्यावर उधळला. अजून केसातनं निघंना झालाय.

आता उत्तर. मास्तर कवाचे टाक धरून बसल्यात. दादा, तुझ्या घरी मला काईबी कमी पडायचं न्हाय, म्हणूनच न्हाय म्हणताना जीभ जड होती. पण मी येत न्हाय. मेंढरं इकायची न्हाईत. हितल्या मेंढक्यांनी मला म्होरं चालाय सांगितलंय, आन् मला ते करावं वाटतंय. लई वाटतंय.

रागावशील. रागावलास तरी भाऊबिजेला ये. व्यापारी आणू नगंस, वैनीला आण. दुसऱ्या दिशी आमी निघू. तवा टेकडीपतोर माझ्यासंगं चाल आन् माईच्या पायाशी तुझ्या हातानं मला भंडारा लाव. सासरचा लागला, म्हायेरचा राहिलाय. तो लागल्याबिगर माझं पाऊल उचलायचं न्हाय.

वाट बघणारी,
मेंढरांच्या म्होरं चालणारी
तुझी गोजा